परराज्याचे दार आणि विषयांची यादी

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी कुटुंबांना शाळा एका मुलखातली आणि परीक्षा दुसऱ्या मुलखातली हा प्रकार नवा नाही. बडोदे कॉलेज १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन होईपर्यंत मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. १९२७ मध्ये आग्रा विद्यापीठ निघाल्यावर इंदूर व ग्वाल्हेर येथील महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली; या दोन्ही शहरांना स्वतःची विद्यापीठे मिळाली ती १९६४ मध्ये. हैदराबादच्या निजाम कॉलेजचे विद्यार्थी मद्रास विद्यापीठाच्या परीक्षांना बसत, आणि त्याच शहरात १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. गोव्यात १९६१ पूर्वी इंग्रजी शाळांतून शिकणारी मुले मुंबईकडील मॅट्रिकची तयारी करीत. शाळेत कोणता विषय घेतला आणि कोणता सुटला, यावर पुढचे दार उघडणार की नाही हे ठरे. आणि ती अट ठरविणारे लोक आपल्या गावापासून शेकडो मैल दूर बसलेले असत.

आज आपल्यापैकी अनेक घरांतील नातवंडे अमेरिकेत वाढत आहेत आणि तोच प्रश्न वेगळ्या वेषात पुन्हा उभा आहे. आमच्या परिचयातील एका इंदुरी घराण्याची नात अमेरिकेतील एका राज्यात हायस्कूलला होती आणि तिला दुसऱ्या राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात जायचे होते. मुलगी हुशार, गुण उत्तम. आजीच्या आग्रहामुळे ती नऊ वर्षे भरतनाट्यम् शिकत होती. बारावीच्या आरंभी शाळेतील समुपदेशक बाईंनी त्या विद्यापीठाची विषयांची यादी तिच्यासमोर ठेवली. यादीत दृश्य किंवा प्रयोगीय कलेचा एक वर्षाचा अभ्यास आवश्यक होता, आणि तिच्या शाळेच्या गुणपत्रकावर कलेची ओळच नव्हती. नऊ वर्षांचे नृत्य खासगी वर्गातले होते. ते मोजले जाणार नव्हते. 'एवढे शिकून मुलगी कलेत कोरी कशी ठरते?' असे आजींनी आम्हाला विचारले. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. तिचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी ही यादी आली कोठून ते पाहू.

यादीच्या आधीचा काळ

अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. केंद्र सरकार शाळेचा अभ्यासक्रम ठरवीत नाही आणि विद्यापीठाच्या प्रवेशाच्या अटीही ठरवीत नाही. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती व यंत्रविद्येच्या उच्च शिक्षणाला चालना दिली, तरी प्रत्येक राज्याचे विद्यापीठ त्या राज्याचेच राहिले. त्याचा पैसा राज्याच्या करातून येई आणि त्याची पहिली बांधिलकी राज्यातील मुलांशी असे.

त्या काळी विद्यापीठात शिरण्याचा मार्ग परीक्षेचा होता. उमेदवाराने विद्यापीठाच्या गावी जायचे, तेथील प्राध्यापकांसमोर लॅटिन, ग्रीक, गणित या विषयांत परीक्षा द्यायची आणि निकालाची वाट पाहायची. प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी असल्यामुळे एकाच वर्गातील दोन मुलांना दोन विद्यापीठांसाठी दोन प्रकारची तयारी करावी लागे. लहान गावातील शिक्षकाच्या हे आवाक्याबाहेरचे होते.

या अडचणीतून पहिली वाट काढली ती मिशिगन विद्यापीठाने. १८७०-७१ च्या सुमारास तेथील कार्यवाहू अध्यक्ष हेन्री फ्रीझ यांनी एक नवी पद्धत रूढ केली. विद्यापीठाचे प्राध्यापक राज्यातील हायस्कुलांना भेट देऊन तेथील शिकवणी पाहत. शाळा समाधानकारक ठरली, तर तिचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला मुख्याध्यापकाच्या प्रमाणपत्रावर परीक्षेविना प्रवेश मिळे. यामागे जर्मनीतील माध्यमिक शाळा व विद्यापीठ यांच्या नात्याचा आदर्श होता. १८७४ मध्ये कॅलॅमॅझू या गावाच्या खटल्यात मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कराच्या पैशातून हायस्कूल चालविणे कायदेशीर ठरविले, आणि गावातील प्राथमिक शाळेपासून राज्याच्या विद्यापीठापर्यंतची शिडी पूर्ण झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १८८४ मध्ये अशीच शाळा-तपासणी सुरू केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या पद्धतीचा पाया विश्वासाचा होता. विद्यापीठ शाळेला ओळखत होते. प्राध्यापक वर्गात जाऊन बसले होते. मुख्याध्यापकाची सही त्यांच्या परिचयाची होती. मुलाने काय शिकले याची उलटतपासणी करण्याचे कारण उरले नाही. मात्र असा परिचय राज्याच्या सीमेपलीकडे सहजी पोहोचणारा नव्हता. शेजारच्या राज्यातील तितक्याच चांगल्या शाळेतून आलेला मुलगा येथे अनोळखी ठरे. अनोळखी माणसाकडे विश्वासाऐवजी कागद मागितला जातो. विषयांच्या यादीचा पुढचा सारा इतिहास हा त्या कागदाचा इतिहास आहे.

तासांची मोजणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हायस्कुलांची संख्या वाढली आणि अटींचा गोंधळही वाढला. १८९२ मध्ये राष्ट्रीय शिक्षण संघटनेने हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नेतृत्वाखाली दहा जणांची समिती नेमली. १८९३ च्या तिच्या अहवालाचे महत्त्वाचे म्हणणे असे होते की, एखादा विषय शिकवायचा तर तो सर्वांना सारखाच शिकवावा. कॉलेजला जाणाऱ्या मुलाला एक बीजगणित आणि न जाणाऱ्याला दुसरे, असा भेद करू नये. ग्रीक-लॅटिनच्या जोडीला आधुनिक भाषा, इंग्रजी, इतिहास आणि विज्ञान यांनाही या अहवालाने मान दिला.

त्यानंतर त्याच संघटनेने नेमलेल्या दुसऱ्या समितीने १८९९ मध्ये प्रवेशाच्या अटींचा एक गाभा सुचविला: परकीय भाषांचे चार घटक, गणिताचे दोन, इंग्रजीचे दोन, इतिहासाचा एक आणि विज्ञानाचा एक. उरलेले विषय विद्यार्थ्याने आवडीने निवडावेत. आजच्या कोणत्याही राज्य विद्यापीठाची यादी उघडली तर तिचा सांगाडा याच मांडणीचा दिसतो. फक्त प्रमाण उलटले आहे. परकीय भाषा चारांवरून दोनांवर आली, तर गणित आणि इंग्रजी दोनांवरून तिनांवर किंवा चारांवर गेले.

पूर्वेकडील जुन्या महाविद्यालयांनी परीक्षेचा मार्ग सोडला नाही. त्यांनी १९०० मध्ये कॉलेज प्रवेश परीक्षा मंडळ स्थापन केले आणि जून १९०१ मध्ये त्याच्या पहिल्या परीक्षेला ९७३ विद्यार्थी बसले. मध्य व पश्चिमेकडील राज्यांनी मात्र शाळा-मान्यतेचाच मार्ग पुढे नेला. १८९५ मध्ये नॉर्थ सेंट्रल असोसिएशन ही शाळा आणि महाविद्यालयांची आंतरराज्य संस्था निघाली आणि १९०४ मध्ये तिने मान्यताप्राप्त हायस्कुलांची पहिली यादी प्रसिद्ध केली. एका राज्यातील शाळेची पारख दुसऱ्या राज्याने मान्य करावी, असा हा प्रयत्न होता. परराज्यातील मुलासाठी दार किलकिले झाले ते येथे.

मात्र शाळा चांगली आहे एवढे म्हणून भागेना. मुलाने नेमके किती शिकले हे मोजायला माप हवे होते. ते माप आले एका अनपेक्षित दिशेने. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी १ कोटी डॉलर्स दिले. निवृत्तिवेतन कोणत्या महाविद्यालयांना द्यायचे, हे ठरविण्यासाठी 'महाविद्यालय' म्हणजे काय याची व्याख्या करणे भाग पडले. कार्नेगी प्रतिष्ठानाने १९०६ मध्ये ठरविले की, हायस्कूलच्या चार वर्षांतील किमान १४ घटक पुरे केलेल्या विद्यार्थ्यांनाच प्रवेश देणारी संस्था खरे महाविद्यालय मानावी. एक घटक म्हणजे एका विषयाचा वर्षभराचा अभ्यास, सुमारे १२० तासांचा. हेच पुढे 'कार्नेगी युनिट' म्हणून ओळखले जाऊ लागले. आरंभी राज्य विद्यापीठे या योजनेत नव्हती. १९०८ मध्ये त्यांनाही दार उघडले. प्राध्यापकांच्या म्हातारपणाची सोय करता करता मुलांचे वेळापत्रक ठरून गेले.

या मापाचे गुण आणि दोष दोन्ही मोठे. गुण असा की, एका राज्यातील 'एक वर्ष भूमिती' दुसऱ्या राज्यातील 'एक वर्ष भूमिती'शी ताडून पाहता येऊ लागली. दोष असा की, ते वर्गात घालविलेला वेळ मोजते. ज्ञान मोजत नाही. शाळेच्या भिंतीबाहेर मिळविलेली विद्या त्याच्या पट्टीवर कोठेच उमटत नाही. आजींच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या १२० तासांत आहे.

यादी नसती तर?

ही यादी खरोखर काही मोजते का, अशी शंका अमेरिकन शिक्षकांनाही होती. १९३० मध्ये पुरोगामी शिक्षण संघटनेने एक धाडसी प्रयोग हाती घेतला. ३० हायस्कुले किंवा शाळासमूह निवडण्यात आले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडून नेहमीच्या विषयांची अट न मागण्याचे ३०० हून अधिक महाविद्यालयांनी मान्य केले. शाळांनी आपापले अभ्यासक्रम हवे तसे बदलले. मग या शाळांतील एकेका विद्यार्थ्याची सांगड नेहमीच्या शाळेतून आलेल्या, तशाच पार्श्वभूमीच्या एकेका विद्यार्थ्याशी घालून १,४७५ जोड्यांची महाविद्यालयातील प्रगती तपासण्यात आली. 'आठ वर्षांचा अभ्यास' या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. निष्कर्ष असा निघाला की, अटींतून मोकळी सोडलेली मुले महाविद्यालयात मागे पडली नाहीत; काही बाबतींत ती किंचित सरसच ठरली.

याचे अहवाल १९४२ मध्ये बाहेर आले तेव्हा अमेरिका महायुद्धात उतरली होती. प्रयोगाची चर्चा पुढे फारशी झाली नाही आणि त्याचे निष्कर्ष कोणत्याही राज्याच्या कायद्यात उतरले नाहीत. तरी पुढील तीस-चाळीस वर्षे अटी एकंदरीने सैल होत गेल्या. राज्यातील हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या मुलाला राज्याच्या विद्यापीठात जागा मिळालीच पाहिजे, अशी भावना अनेक राज्यांत प्रबळ होती. कॅन्सस राज्यात तर २००१ पर्यंत तेथील हायस्कूलचे प्रशस्तिपत्र असलेल्या रहिवाशाला राज्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळण्यास ते एकच पुरेसे होते. १९९६ च्या कायद्याने आलेल्या विषयांच्या आणि गुणांच्या अटी त्या वर्षी अमलात आल्या.

१९८३ नंतरचे वळण

१९८३ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या आयोगाचा 'अ नेशन अ‍ॅट रिस्क' हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि वारा फिरला. अमेरिकन हायस्कुलांचा दर्जा घसरला आहे, असा त्याचा सूर होता. प्रत्येक विद्यार्थ्याने इंग्रजी चार वर्षे, गणित तीन, विज्ञान तीन, सामाजिक शास्त्रे तीन आणि संगणक अर्धे वर्ष शिकावे. महाविद्यालयात जाणाऱ्याने त्याखेरीज परकीय भाषा दोन वर्षे घ्यावी, अशी त्याची शिफारस होती. आयोगाला कायदा करण्याचा अधिकार नव्हता. राज्यांनी मात्र ही शिफारस उचलली आणि प्रत्येकाने तिला आपल्या सोयीने मुरड घातली. परिणामी याद्या दिसायला सारख्या आणि तपशिलात वेगळ्या, अशी आजची स्थिती झाली.

काही उदाहरणे पाहावीत. अ‍ॅरिझोनाच्या तिन्ही राज्य विद्यापीठांना १६ घटक लागतात: इंग्रजी ४, गणित ४, प्रयोगशाळेसह विज्ञान ३, सामाजिक शास्त्रे २, एकाच परकीय भाषेची २ वर्षे आणि ललित कला किंवा व्यवसाय-शिक्षण १. सामाजिक शास्त्रांपैकी एक घटक अमेरिकेच्या इतिहासाचा असावा लागतो. जॉर्जियाच्या यादीत १७ घटक असून विज्ञान ४ वर्षे आहे. कलेची अट नाही. फ्लोरिडात १८ घटक आहेत आणि परकीय भाषेची दोन वर्षे एकाच भाषेची, क्रमाने घेतलेली असावी लागतात. नॉर्थ कॅरोलायनात गणित चार वर्षे असून अमेरिकेचा इतिहास बंधनकारक आहे. जॉर्जियातील शाळेत चार वर्षे विज्ञान शिकलेली मुलगी विज्ञानात अ‍ॅरिझोनाच्या अपेक्षेपेक्षा पुढे असते, आणि कलेचा किंवा व्यवसाय-शिक्षणाचा एक घटक न घेतल्यामुळे त्याच अ‍ॅरिझोनात अपुरी ठरू शकते. तिच्या शाळेचा यात काही दोष नाही. शाळेने आपल्या राज्याची यादी समोर ठेवून वेळापत्रक आखले होते.

या सर्व याद्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाची यादी सर्वांत प्रसिद्ध आहे. विषयांना इंग्रजी अक्षरे दिल्यामुळे ती 'ए ते जी' या नावाने ओळखली जाते. ए म्हणजे इतिहास व सामाजिक शास्त्रे २ वर्षे, बी म्हणजे इंग्रजी ४, सी म्हणजे गणित ३, डी म्हणजे विज्ञान २, ई म्हणजे इंग्रजीखेरीज अन्य भाषा २, एफ म्हणजे दृश्य किंवा प्रयोगीय कला १ आणि जी म्हणजे ऐच्छिक शैक्षणिक विषय १. असे एकूण १५ वर्षांचे विषय. कलेची अट यात उशिरा आली. ती २००३ मध्ये प्रवेश घेणाऱ्यांपासून लागू झाली. पंधरापैकी ११ विषय अकरावी संपेपर्यंत पुरे झालेले असावे लागतात आणि कोणत्याही विषयात 'सी'पेक्षा खालची श्रेणी चालत नाही.

कॅलिफोर्नियातील मुलाला यात एक मोठा आधार असतो. तेथील हायस्कूल आपले अभ्यासक्रम आधी विद्यापीठाकडून मंजूर करून घेते. कोणता वर्ग कोणत्या अक्षराखाली मोडतो, हे शाळेच्या मंजूर यादीत लिहिलेले असते. १८८४ च्या शाळा-तपासणीचा हा वारस म्हणावा लागेल. बाहेरच्या राज्यातील शाळेसाठी अशी यादी नसते. अर्ज भरताना विद्यार्थ्याने आपला प्रत्येक विषय स्वतः योग्य अक्षराखाली मांडायचा असतो. राज्यातील मुलासाठी किमान सरासरी ३.० आहे, बाहेरच्यासाठी ३.४. राज्यातील शाळेचे विद्यापीठमान्य 'ऑनर्स' वर्ग सरासरीत वाढीव गुण मिळवून देतात. बाहेरच्या शाळेच्या बाबतीत असा वाढीव मान फक्त अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट आणि इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमांना मिळतो.

हे वाचून अन्याय झाल्यासारखे वाटणे साहजिक आहे. पण राज्याची बाजूही समजून घ्यावी. १९६० च्या कॅलिफोर्नियाच्या बृहद् आराखड्याने राज्यातील हायस्कूल उत्तीर्णांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना राज्य विद्यापीठात स्थान देण्याचे ठरविले होते. ज्या आईबापांनी कर भरून विद्यापीठ उभारले, त्यांच्या मुलांना आधी जागा हवी, या म्हणण्यात तथ्य आहे. नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ मध्ये राज्याबाहेरील नव्या विद्यार्थ्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये बहुतेक आवारांसाठी तेवढीच मर्यादा स्वीकारली. टेक्सासने १९९७ च्या कायद्याने प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठांत आपोआप प्रवेश दिला. अर्थात तो टेक्सासमधील हायस्कुलांना. डोमिसाइलच्या दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविलेल्या आपल्या कुटुंबांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. रहिवास ठरतो तो फी आणि जागांच्या हिशेबासाठी. १९७३ मध्ये कनेटिकटच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अर्जाच्या वेळी बाहेरचा असलेला विद्यार्थी पुढे कायमच बाहेरचा राहील, असे राज्याने गृहीत धरता कामा नये. त्याला आपला रहिवास सिद्ध करण्याची संधी दिली पाहिजे. म्हणजे रहिवास बदलू शकतो. विषयांची यादी मात्र तशी नाही. आईवडील नव्या राज्यात राहायला गेले, तरी नववी-दहावीत न घेतलेला विषय मागे जाऊन घेता येत नाही.

मराठीचा घटक

आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याची अट परकीय भाषेची आहे. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करीत आहे आणि ठिकठिकाणच्या मंडळांच्या आठवडी शाळांतून हजारो मैलांवर मराठी शिकविले जाते. पालकांचा सहज समज होतो की, मुलगी घरी मराठी बोलते, रविवारी मराठी शाळेत जाते, तेव्हा भाषेची दोन वर्षे झालीच. कार्नेगीच्या मापाला हे पुरत नाही. तो अभ्यास हायस्कूलच्या गुणपत्रकावर मान्य विषय म्हणून उतरला, किंवा विद्यापीठाला मान्य असलेल्या परीक्षेने सिद्ध झाला, तरच तो हिशेबात येतो. कॅलिफोर्नियाने २०११ च्या कायद्याने द्विभाषिक प्रावीण्याची राज्य मुद्रा सुरू केली आणि पुढे इतर राज्यांनीही ती स्वीकारली. ती भूषणावह आहे. परंतु पदविकेवरील मुद्रा वेगळी आणि प्रवेशाची अट पुरी होणे वेगळे.

या अटीत एक बारीक कलम मात्र असे आहे की, ते वाचून आम्हाला समाधान वाटले. ज्या विद्यार्थ्याने सहावी किंवा त्यापुढील इयत्तांत किमान दोन वर्षे इंग्रजीखेरीज अन्य भाषेच्या माध्यमातून शालेय शिक्षण घेतले आहे, त्याची 'ई' ही अट कॅलिफोर्निया विद्यापीठ पुरी झालेली मानते. बेळगावच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीपर्यंत शिकून मग आईवडिलांबरोबर तिकडे गेलेल्या मुलाची सहावी-सातवी, शाळेचे कागद जवळ असतील तर, तेथे मोलाची ठरते. मराठी माध्यमाच्या शाळेने मुलाचे नुकसान होते, असे आपल्यातीलच अनेकांनी म्हटले आणि त्या शाळा ओस पडत गेल्या. त्याच शाळेचा दाखला सातासमुद्रापलीकडे एका अक्षराची अट भागवतो, हे त्यांच्या कानी घालण्याजोगे आहे.

उणीव राहिली तर

एखादा घटक राहून गेला म्हणजे सारे संपले असे नसते. अ‍ॅरिझोनात जास्तीत जास्त दोन विषयांत प्रत्येकी एका घटकाची उणीव चालवून घेतली जाते. मात्र ती गणित आणि प्रयोगशाळेचे विज्ञान या दोहोंत एकाच वेळी असून चालत नाही. नॉर्थ कॅरोलायनात अमेरिकेचा इतिहास राहिला असेल, तर तो विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाअखेर पुरा करण्याच्या अटीवर प्रवेश मिळू शकतो. बहुतेक ठिकाणी गावच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये घेतलेला एका सत्राचा योग्य वर्ग हायस्कूलच्या वर्षभराच्या विषयाइतका मानला जातो. वरच्या गणितात उत्तीर्ण झालेल्याला खालच्या पायरीची उणीव अनेकदा माफ होते. पण या सवलती आपण होऊन घरी चालत येत नाहीत. त्या विचाराव्या लागतात आणि वेळेवर विचाराव्या लागतात.

यासाठी नववीतच दोन-तीन राज्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि प्रत्येक विषयासाठी त्यांतील सर्वांत जड अट धरून चालावे. इंग्रजी चार, गणित चार, विज्ञान चार, सामाजिक शास्त्रे तीन आणि त्यांत अमेरिकेचा इतिहास, एकच भाषा किमान दोन वर्षे, कला एक वर्ष. एवढे हिशेबात घेतले की वर उल्लेखिलेल्या राज्यांच्या विषयांच्या याद्या जवळजवळ पुऱ्या होतात. हे बारावीत सुचून उपयोगाचे नाही. शाळेचा समुपदेशक आपल्या राज्याची यादी जाणतो. परराज्याची यादी त्याला मुखोद्गत असेलच असे नाही. तेव्हा दर वर्षीचे गुणपत्रक, विषयाचे नेमके नाव, तो वर्षाचा की सहामाहीचा, आणि त्या वर्गात काय शिकविले याचा गोषवारा एका वहीत नोंदलेला असावा. जिथे शाळेला कोणी ओळखत नाही, तिथे ओळख पटविण्याचे काम या वहीने करायचे असते.

आजींच्या नातीने तेच केले, थोडे उशिरा. समुपदेशक बाईंनी विद्यापीठाकडे लेखी विचारणा केली आणि उत्तर आले की कम्युनिटी कॉलेजमधील एका सत्राचा वर्ग चालेल. तिने नृत्याच्या इतिहासाचा वर्ग घेतला. शनिवारी जाऊन, गृहपाठ करून, चाचण्या देऊन तिने तो पुरा केला आणि गुणपत्रकावर कलेची ओळ उमटली. तिला प्रवेश मिळाला.

आजींना आम्ही या साऱ्या इतिहासाचा सारांश सांगितला. त्या म्हणाल्या, 'म्हणजे नऊ वर्षांचा नाच धरला नाही, आणि नाचाबद्दलची चार महिन्यांची व्याख्याने धरली.' आम्ही 'हो' म्हटले. मग त्यांनी धाकट्या नातवाची इयत्ता सांगितली. तो आठवीत होता. यादीची एक प्रत आम्ही त्यांना त्याच दिवशी पाठविली.